मोजून झालेले निंफ मोरीत ओतू नका

(खानदेशातल्या महाविद्यालयांमधील प्राणिशास्त्र विभागप्रमुख, संशोधन मार्गदर्शक आणि शिक्षक यांना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दर वर्षी कुठल्या ना कुठल्या नदीच्या पाण्याचा अभ्यास होतो. कधी एम.एस्सी.चा प्रकल्प असतो, कधी पीएच.डी.चा प्रबंध. कुणी तापी घेतं, कुणी गिरणा, कुणी पांझरा, बोरी, वाघूर नाहीतर गोमाई. सामू, विद्राव्य ऑक्सिजन, बीओडी, क्लोराइड यांचे तक्ते झाले की शेवटी तळाशी राहणाऱ्या कीटकांचा एक तक्ता येतो. त्यात मेफ्लाय या अल्पायुषी उडत्या कीटकाच्या रकान्यात ‘बीटिस, प्रजाती अनिश्चित’, ‘केनिस, प्रजाती अनिश्चित’ किंवा नुसतं ‘हेप्टाजेनिडी’ लिहिलेलं असतं आणि पुढे एक आकडा. तोंडी परीक्षा होते, प्रबंध ग्रंथालयात जातो. ज्या निंफांवरून, म्हणजे मेफ्लायच्या पाण्यात वाढणाऱ्या, पंख न फुटलेल्या पिल्लांवरून, तो आकडा आला त्यांच्या बाटल्या काही महिने टेबलाखाली पडून राहतात. बुचातून अल्कोहोल उडतं, निंफ सुकून आक्रसतात, आणि नवी बॅच येण्याआधी प्रयोगशाळेची झाडलोट करताना कुणीतरी सगळं मोरीत ओतून बाटल्या धुऊन ठेवतं.

एका विभागात हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. त्या विभागाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने आपल्यापैकी बहुतेकांकडे हीच रीत आहे. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एक विनंती करायची आहे आणि ती का करतो आहे ते सविस्तर सांगायचं आहे. त्या बाटल्या ओतू नका. अजून कुणी नाव न दिलेली मेफ्लायची प्रजाती त्यांत असू शकते, आणि तिचं वर्णन निंफावरून करता येतं. फक्त त्यासाठी निंफ जपलेला हवा, त्याची चिठ्ठी शाबूत हवी, आणि त्याच्या जोडीला त्याच ओढ्यातला एखादा निंफ पंख फुटेपर्यंत वाढवलेला हवा.

सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूला सुकी नदीच्या वरच्या अंगाला, पावसाळा ओसरल्यावर, वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करून बघा. दगडाला पोट टेकवून बसलेले चपटे, रुंद डोक्याचे निंफ क्षणभर थबकतात आणि खेकड्यासारखे तिरके पळत दगडाच्या सावलीच्या बाजूला जातात. हे हेप्टाजेनिडी कुळातले. तेच पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये घेतलं तर झटके देत पोहणारे, निमुळत्या अंगाचे बीटिडी दिसतात; बहुतेकांना तीन शेपट्या, काहींना दोनच. डोहाच्या कडेच्या गाळात बसलेला बारका केनिस अंगभर माती माखून असतो. तो हलला नाही तर नजरेलाच पडत नाही. त्याच्या पोटाच्या दुसऱ्या खंडावरच्या कल्ल्यांची चौकोनी झाकणं झालेली असतात आणि मागचे नाजूक कल्ले त्या झाकणांखाली गाळापासून वाचून हलत राहतात.

जिवंत निंफ घड्याळकाचेत थोड्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांची हालचाल पुढून मागे लाटेसारखी सरकत जाते. पाठीच्या पातळ कातडीतून हृदयाची नळी आकुंचन पावताना दिसते. शेवटच्या अवस्थेला आलेला बीटिडीचा नर असेल तर डोक्यावर कातडीच्या आत पुढे येणाऱ्या मोठ्या डोळ्यांचे तांबूस ठिपके आधीच उमटलेले असतात आणि छातीवरचे पंखांचे कोंभ काळे झालेले असतात. पंख काळे झाले म्हणजे हा आज-उद्या पाणी सोडणार. ज्याने एकदा हे पाहिलं त्याला ‘बीटिस, प्रजाती अनिश्चित’ लिहून थांबवत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. म्हणून विद्यार्थ्यांना मोजायला लावण्याआधी निंफ जिवंत दाखवा, ही मधल्यामध्ये केलेली आणखी एक विनंती.

निंफावर माझा एवढा भर का, तर आपल्याकडे हाती लागते ती ही अवस्था. पंख फुटलेली मेफ्लाय काही तास, फार तर एक-दोन दिवस जगते. क्लोइऑन या मेफ्लायच्या माद्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर. तिचं तोंड निकामी असतं, ती काही खात नाही. आधी धुरकट पंखांची सबइमागो ही अवस्था येते, ती पुन्हा एकदा कात टाकते आणि मग स्वच्छ पंखांची प्रौढ माशी बाहेर पडते. उडते पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा आजच्या कीटकांमध्ये हा एकच गण. ही सगळी घाई बहुधा संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे चालते, आणि यावल किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात सूर्यास्तानंतर थांबायला सहसा मिळत नाही. निंफ मात्र कित्येक आठवडे, काही प्रजातींत कित्येक महिने पाण्यात असतो. भर दिवसा, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, साध्या जाळीने तो मिळतो.

गंमत अशी की शास्त्राचा मोठा भाग मात्र प्रौढ नरावर उभा राहिला. इंग्लंडचे आल्फ्रेड एडविन ईटन यांनी 1883 ते 1888 या काळात जगभरच्या मेफ्लायांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात निंफांच्या सुरेख आकृत्याही आहेत, पण प्रजाती ओळखण्याचा मुख्य आधार पंखांवरच्या शिरा आणि नराची जननेंद्रियं हाच होता. पुढची कित्येक दशकं तीच वहिवाट राहिली. त्यामुळे आज जगातल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रजातींमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. काहींचं नाव प्रौढावरून पडलेलं आहे आणि त्यांचा निंफ कुणी पाहिलेला नाही. काही निंफावरूनच ओळखल्या जातात आणि त्यांचा प्रौढ कसा दिसतो ते नोंदवलेलं नाही. भारतात सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांमध्ये मदुराईच्या के. जी. शिवरामकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि तिथल्या निंफांना नावं मिळत गेली. पद्धती बाहेरून आणायची गरज नाही, ती आपल्याच देशात रुळलेली आहे.

निंफावरून नाव देणं कमअस्सल, असं काही सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे. तसं नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे, आणि प्राण्याच्या कुठल्या अवस्थेवरून नाव द्यावं याचं बंधन ती घालत नाही. तिच्या अटी निराळ्या आहेत. इतरांपासून ही प्रजाती कशी वेगळी ते शब्दांत सांगायला हवं, होलोटाइप म्हणजे नावाचा आधार असलेला एक नमुना स्पष्टपणे ठरवायला हवा, आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे ते लिहायला हवं. निबंध फक्त ऑनलाइन प्रसिद्ध होणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. ही सोय 2012 मध्ये आली. आपल्याकडे याच्या जोडीला जैविक विविधता कायदा, 2002 आहे. त्याच्या कलम 39 प्रमाणे नवी प्रजाती सापडली की ती अधिकृत भांडारसंस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था, कोलकात्यात मुख्यालय असलेली, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे.

निंफावरून दिलेलं नाव किती टिकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण प्रोसोपिस्टोमा. याच्या निंफाची पाठ कवचाने झाकलेली असते, कल्ले त्या कवचाखाली दडलेले, एकूण आकार गोलसर. 1833 मध्ये फ्रान्सच्या लात्रेय यांनी त्याला जीनसचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं, नाव दिलं तेव्हा तो कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातला समजला जात होता. ही मेफ्लाय आहे हे 1870 च्या सुमारास स्पष्ट झालं. वर्गीकरणातली जागा पार बदलली, नाव मात्र तेच राहिलं. दक्षिण भारतातली प्रोसोपिस्टोमा इंडिकम ही प्रजाती 1967 मध्ये पीटर्स यांनी निंफावरूनच मांडली. नमुना आणि आकृती हाती होती म्हणून नंतरच्या माणसाला लात्रेय यांच्या वेळची चूक सुधारता आली. मोरीत गेलेल्या निंफाबद्दल कुणालाही काही सुधारता येत नाही.

आता अडचणींकडे येतो, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून नवं नाव जाहीर करणं हे बाटली ओतण्याइतकंच वाईट. पहिली अडचण म्हणजे निंफ वाढताना बदलतो. नखीवरच्या दातांची संख्या, कल्ल्यांचा आकार, शेपटीवरचे केस, मांडीच्या कडेचे काटे हे सगळं लहान निंफात वेगळं आणि शेवटच्या अवस्थेत वेगळं असतं. पुष्कळदा ‘नवी’ वाटणारी गोष्ट ही वयातली तफावत निघते. म्हणून वर्णन पूर्ण वाढलेल्या, काळ्या पंखकोंभांच्या निंफांवरून करावं आणि एका निंफावर विसंबू नये. एकाच ओढ्यातले लहान-मोठे, नर-मादी निंफ शेजारी ठेवून कुठलं लक्षण स्थिर राहतं ते आधी बघावं.

दुसरी अडचण याहून मोठी. समजा, आपण तोरणमाळच्या ओढ्यातल्या निंफाला नाव दिलं आणि त्याच प्रजातीच्या प्रौढ नराला कुणी ऐंशी वर्षांपूर्वी दुसरीकडे नाव देऊन ठेवलेलं असलं, तर जुनं नाव खरं ठरतं आणि आपलं नुसतं त्याचं समानार्थी नाव म्हणून यादीत उरतं. निंफ आणि प्रौढ एकाच प्रजातीचे आहेत हे जोडून दाखवल्याशिवाय हा धोका टळत नाही. जोडायचे रस्ते दोन. एक डीएनएचा: मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा निंफातून आणि प्रौढातून काढून ताडून पाहायचा. दुसरा जुना, बिनखर्चाचा आणि माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी अधिक चांगला, तो म्हणजे निंफ पाळायचा.

पाळणं अवघड नाही, पण त्याला चिकाटी लागते. काळ्या पंखांचे निंफ निवडून ओढ्याच्याच पाण्यात, ओढ्याच्याच दगडासह ठेवावेत. बीटिडी आणि केनिस मत्स्यालयाच्या हवापंपावर निभावतात. डोहात आणि गुरांच्या हौदातही सापडणारा क्लोइऑन तर त्याशिवायही राहतो. वेगवान पाण्यातले हेप्टाजेनिडी घरी आणले की बहुधा मरतात. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या बरणीला बाजूने खिडक्या कापून बारीक जाळी लावावी, आणि अर्धी बरणी पाण्यात, अर्धी वर राहील अशी ती ओढ्यातच दगडाला बांधून टाकावी. आत एक काडी किंवा खडबडीत दगड पाण्याच्या वर डोकावेल असा असू द्यावा, काहींना त्यावर चढूनच बाहेर पडता येतं. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. नेताना-आणताना बरण्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या तर पाणी तापत नाही. सबइमागो बाहेर आली की तिला लगेच अल्कोहोलात घालू नये. ओलसर, जाळी लावलेल्या डब्यात सावलीला ठेवावी. दुसरी कात टाकून ती पूर्ण प्रौढ झाली की मगच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यावर तरंगणारी निंफाची कात उचलायला विसरू नये. जबडे, ओठ, नख्या, मांडीवरचे काटे, वर्णनाला लागणारी बहुतेक लक्षणं त्या कातीवर जशीच्या तशी असतात. निंफाची कात, सबइमागोची कात आणि प्रौढ नर हे तिन्ही एकाच बाटलीत, एकाच चिठ्ठीसह ठेवले की तो एक नमुना दहा निबंधांइतका बोलतो. निंफ कोणता आणि प्रौढ कोणता याबद्दल मग वाद उरत नाही.

चिठ्ठीबद्दल थोडं. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलात कोरी होते. पेन्सिलीने जाड कागदावर लिहावी आणि बाटलीच्या आत टाकावी; बाहेर चिकटवलेला कागद पहिल्या उन्हाळ्यातच गळून पडतो. ओढ्याचं नाव, जवळचं गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ‘सातपुडा’ एवढंच लिहिलेली बाटली निरुपयोगी. आणि फॉर्मॅलिन वापरू नका. अल्कोहोलचा परवाना, कोटा, लेखापालाच्या सह्या यांची कटकट मी जाणतो. पण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या निंफाचा डीएनए पुढे मिळणं फार कठीण होतं, आणि अंग कडक होऊन मुखावयव सोडवताना तुटतात ते वेगळंच. आकारासाठी 70 ते 80 टक्के अल्कोहोल चालतं, डीएनएसाठी 95 टक्क्यांच्या वरचं लागतं. अल्कोहोलात रंग उडतो, म्हणून जिवंतपणीच फोटो काढून ठेवावा. तो मोबाइलने भिंगातून काढला तरी चालेल.

वर्णनाचं काम त्यानंतरचं. निंफाचे जबडे, वरचा ओठ, खालचा ओठ आणि त्यावरचे पॅल्प, जिभेसारखा हायपोफॅरिंक्स, पाय, प्रत्येक खंडावरचा कल्ला, पाठीच्या खंडांच्या मागच्या कडेचे काटे हे सोडवून स्लाइडवर बसवायचे आणि चित्र काढायचं. फोटो काढला म्हणून चित्र चुकवू नये. हाताने रेघ ओढताना दातांची रांग मोजावीच लागते आणि डोळ्याला जे सुटलं असतं ते हात पकडतो. मग त्या जीनसच्या आशियातल्या सगळ्या प्रजातींची वर्णनं काढून एकेक लक्षण ताडायचं. हे वाचन एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. विभागाने ते मिळून करावं. पदोन्नतीसाठी किंवा वर्तमानपत्रातल्या बातमीसाठी नाव उरकण्याची घाई कुणी करत असेल तर मार्गदर्शक म्हणून त्याला थांबवणं आपलं काम आहे. पूर्ण न ताडलेला निंफ जपून ठेवून तो दहा वर्षांनी दुसऱ्याने मांडला तरी काही बिघडत नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो. पाण्याची गुणवत्ता ठरवायला कुळापर्यंत ओळख पुरते, मग हा खटाटोप कशाला? पुरते, पण ढोबळ. मूळ ब्रिटनमध्ये बनलेल्या बीएमडब्ल्यूपी गुणांकनात, म्हणजे तळाच्या जीवांच्या कुळांवरून पाण्याची स्वच्छता ठरवणाऱ्या पद्धतीत (स्वच्छ पाणीच लागणाऱ्या कुळाला जास्त गुण), हेप्टाजेनिडीला 10 गुण आहेत, केनिडीला 7 आणि बीटिडीला 4. बीटिडी या एका कुळात थंड, स्वच्छ, फेसाळ पाण्याशिवाय न जगणाऱ्या प्रजाती आहेत आणि सांडपाणी मिसळलेल्या नाल्यात तग धरणाऱ्याही आहेत. दोघींना सारखेच 4 गुण. पिंपळनेरच्या वर पांझरा जिथे स्वच्छ आहे तिथले बीटिडी आणि धुळे शहराखालचे बीटिडी एकाच आकड्यात मोडले तर नदीचं काय झालं ते त्या तक्त्यातून कळणार कसं? प्रजातींना नावं मिळाल्याशिवाय आपले स्वतःचे, इथल्या नद्यांना लागू पडणारे गुण ठरवता येणार नाहीत.

सातपुड्यापुरतं आणखी एक कारण आहे, आणि मला स्वतःला ते सर्वांत जास्त ओढ लावतं. प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी 1940 च्या दशकात मांडलं होतं की पूर्व हिमालयाकडचे, वेगवान पाण्यात राहणारे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून सह्याद्रीत उतरले असावेत. ही मांडणी ‘सातपुडा गृहीतक’ म्हणून ओळखली जाते. पुढे तिच्यावर आक्षेप आले, डीएनएच्या अभ्यासांनी काही प्राण्यांच्या बाबतीत वेगळंच चित्र दाखवलं. पण ज्या वाटेबद्दल हा वाद आहे ती वाट आपल्या दारातून जाते. तोरणमाळ, अक्राणी, पाल, यावल ही त्या वाटेवरचीच ठिकाणं. मेफ्लायची प्रौढ माशी दुबळी उडणारी आणि अल्पायुषी. तिला मैदान ओलांडून दूर जाणं कठीण. म्हणून सातपुड्यातला निंफ हिमालयातल्या आणि सह्याद्रीतल्या नातेवाइकांशी ताडून पाहिला तर या प्रश्नावर काहीतरी ठाम बोलता येईल. हा प्रश्न खानदेशातल्या महाविद्यालयांनी नाही हाताळायचा तर कुणी?

वेळ मात्र फार नाही. आपले बहुतेक ओढे मार्चपर्यंत आटून डोहांवर येतात, आणि वरच्या अंगाला विहिरी-बोअर वाढल्या तसे ते डोहही लवकर संपतात. खाली गिरणा-तापीच्या पात्रातून वाळू उपसली जाते. निंफ तळाशी राहणारा जीव, तळच गेला की तो जातो. कापसाच्या बियाण्याला लावलेलं आणि फवारलं जाणारं इमिडाक्लोप्रिड पावसाच्या पहिल्या लोंढ्यासोबत ओढ्यात उतरतं, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये या रसायनाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या जलजीवांत मेफ्लायचे निंफ आहेत. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदेला मिळणाऱ्या ओढ्यांची तोंडं बुडवली. तिथे आता स्थिर पाणी आहे, खळाळत्या पाण्यातला निंफ तिथे राहू शकत नाही. बुडण्याआधी तिथे काय होतं याची साक्ष फक्त तेव्हा गोळा करून जपलेली बाटलीच देऊ शकते.

या कामात गावकऱ्यांना सोबत घ्या. पाटणादेवीच्या डोंगरी नदीत जाळी लावून बसलो असताना एका गुराख्याने विचारलं, “काय धुंडी ऱ्हायनात सर, मासा?” त्याला भिंगातून निंफ दाखवला. बराच वेळ बघून त्याने सांगितलं की पाऊस संपताना वस्तीवरच्या दिव्याखाली सकाळी पांढुरक्या पंखांचा सडा पडलेला असतो, आणि त्या किड्यांना अशाच लांब शेपट्या असतात. प्रौढ केव्हा आणि कुठे उडतात हे आम्हाला एवढ्या नेमकेपणाने आधी कुणी सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. त्यांत झाडं, पक्षी, साप लिहिले जातात. ओढ्याच्या तळाचा एक रकाना तुमच्या विद्यार्थ्यांनी भरून द्यावा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही दगड उलटू नका. परवानगीविना गोळा केलेल्या नमुन्यावर पुढे निबंधही उभा राहत नाही.

तर मागणं असं. या हिवाळी सत्रापासून प्रत्येक विभागाने एक कपाट, कुलूपबंद आणि उन्हापासून दूर, या बाटल्यांसाठी ठेवावं. प्रकल्पातले मेफ्लाय निंफ मोजून झाले की ते चिठ्ठीसह त्या कपाटात जमा झाल्याशिवाय मार्गदर्शकाने प्रबंधावर सही करू नये. अल्कोहोल भरत राहण्याची जबाबदारी नावानिशी एका प्रयोगशाळा सहायकावर असावी आणि त्याची नोंद जडसंग्रह वहीत व्हावी, म्हणजे माणूस बदलला तरी काम थांबत नाही. दर वर्षी निदान एका विद्यार्थ्याला मोजणीऐवजी पाळण्याचा प्रकल्प द्यावा: एक ओढा, एक प्रजाती, निंफापासून प्रौढापर्यंत. आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या विभागांनी वर्षातून एकदा आपापल्या बाटल्या घेऊन एकत्र बसावं, सारखे दिसणारे निंफ शेजारी ठेवावेत, आणि जे खरोखर वेगळे वाटतील ते पुण्याच्या केंद्रातल्या जाणकारांपुढे न्यावेत.

माझ्याजवळ यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या ओढ्यांचे निंफ, पाळून मिळवलेल्या काही नरांच्या जोड्या आणि त्यांच्या काती आहेत. ज्या विभागात कपाट तयार होईल तिथे त्या मी स्वतः आणून देईन. बरण्यांना जाळी कशी लावायची आणि जबडा स्लाइडवर कसा बसवायचा हे विद्यार्थ्यांना दाखवायला एखादा शनिवार पुरेल. मानधन नको. सूक्ष्मदर्शक चालू स्थितीत असावा आणि प्रयोगशाळेची किल्ली संध्याकाळपर्यंत मिळावी, एवढी व्यवस्था करा.

आपला,
यावल तालुक्यातला एक प्राणिशास्त्र शिक्षक